प्रश्नपेटीतली चिठ्ठी

शाळेतली प्रश्नपेटी म्हणजे बहुतेक वेळा बुटांचं खोकं असतं. झाकणाला कटरने पाडलेली चीर, बाजूने जिलेटीन पेपर. औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) सिडकोतल्या एका शाळेत मी विज्ञान शिकवत होतो, तेव्हा आरोग्य सप्ताहात अशी एक पेटी नववीच्या वर्गाबाहेर ठेवली होती. नाव लिहायचं नाही, मनातलं काहीही विचारायचं, शनिवारी डॉक्टर बाई येऊन उत्तरं देतील. शुक्रवारी शाळा सुटल्यावर स्टाफरूममध्ये आम्ही तिघं चिठ्ठ्या निवडायला बसलो, तांदूळ निवडावेत तशा. पुटकुळ्या, उंची, पाळीतली पोटदुखी एकीकडे. चावटपणा दुसरीकडे. एक चिठ्ठी मात्र कुठल्याच ढिगात जाईना. चौकटीच्या वहीचा फाडलेला कोपरा, अक्षर वळणदार. 'मला मुलींबद्दल काही वाटत नाही, मित्राबद्दल वाटतं. हा आजार आहे का? औषध असतं का?'

शेजारच्या बाई म्हणाल्या, "अहो सर, ही नका ठेवू. उद्या समोर मुख्याध्यापक बसणारेत." मी ठेवली नाही. फाडलीही नाही, शर्टाच्या खिशात टाकली. शनिवारी डॉक्टर बाईंनी एकोणीस चिठ्ठ्यांची उत्तरं दिली. विसाव्या चिठ्ठीवाला शेवटपर्यंत मान खाली घालून ऐकत बसला असेल.

सरकारी आणि अनुदानित शाळांत समलैंगिकतेबद्दल शिकवावं का, यावर गेल्या वीस वर्षांत बरंच बोललं गेलं. चर्चासत्रं झाली, याचिका झाल्या, अहवाल आले आणि गेले. माझ्यापुरता हा वाद त्या चिठ्ठीपाशी येऊन थांबतो. मुलाने विचारलं तर उत्तर द्यायचं की नाही?

हाच प्रश्न १९३४ साली मुंबईच्या कोर्टात उभा राहिला होता. आरोपी रघुनाथ धोंडो कर्वे. महर्षी कर्व्यांचा हा मुलगा गणिताचा प्राध्यापक, आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' नावाचं मासिक चालवणारा हट्टी माणूस. मासिकात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देणारं सदर होतं. तीही एक प्रश्नपेटीच. त्यात हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांवर आलेल्या प्रश्नांना कर्व्यांनी सरळ उत्तरं दिली, म्हणून अश्लीलतेचा खटला भरला गेला. १९३१ मध्ये अशाच एका खटल्यात ते दंड भरून बसले होते. या वेळी त्यांच्या बाजूने उभे राहिले बॅरिस्टर भीमराव आंबेडकर. त्यांच्या युक्तिवादाचा गाभा असा, की लैंगिक विषयावर लिहिलं एवढ्यावरून लेखन अश्लील ठरत नाही. वाचक प्रश्न विचारतात, कारण त्यांना माहिती हवी असते. एखादी गोष्ट विकृती वाटत असली तरी ती जायची तर ज्ञानानेच जाईल. मग उत्तर देणाऱ्याला गुन्हेगार कसं ठरवता? समलिंगी आकर्षणाबाबत त्यांनी हॅवलॉक एलिससारख्या अभ्यासकाचा दाखला दिला. कोर्टाला काही पटलं नाही. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला.

या हकिगतीचा आमच्या शहराशी संबंध आहे, तो लोक सहसा जोडत नाहीत. याच बाबासाहेबांनी १९५० साली इथे मिलिंद महाविद्यालय सुरू केलं. नागसेनवनाच्या त्या परिसरातून मराठवाड्यातल्या किती पिढ्या शिकून बाहेर पडल्या. शहरातल्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. त्या नावासाठी इथे झालेला संघर्ष सगळ्यांना ठाऊक आहे, पण चौतीस सालचं त्यांचं वकीलपत्र फार थोड्यांना. त्या खटल्यांवर 'समाजस्वास्थ्य' हे नाटक लिहिणारे अजित दळवीही याच शहरातले. २०१७ मध्ये अतुल पेठे यांनी ते रंगभूमीवर आणलं. तेव्हा अनेकांना प्रथमच कळलं, की आपल्या भाषेत हा विषय ऐंशी वर्षांपूर्वीच कोर्टाच्या पायऱ्या चढून आला आहे. 'ही पाश्चात्त्यांची थेरं आहेत' हे वाक्य मी पालकसभेत जेव्हा जेव्हा ऐकलं, तेव्हा कर्व्यांची आठवण आली. बोललो मात्र नाही.

आणि आणखी मागे जायचं तर सिराज औरंगाबादी आहे. अठराव्या शतकातला, याच मातीत गाडला गेलेला सूफी शायर. त्याच्या 'बोस्तान-ए-खयाल' या मसनवीत एका तरुणावरच्या स्वतःच्या प्रेमाची कहाणी आहे. रूथ वनिता आणि सलीम किदवई यांनी भारतातल्या समलिंगी प्रेमाच्या लेखनाचा जो मोठा संग्रह २००० साली काढला, त्यात सिराजला जागा आहे. शहरातल्या उर्दू माध्यमाच्या शाळांत सिराजचं नाव अभिमानाने घेतात. ती मसनवी मुलांपुढे ठेवा असं मी म्हणणार नाही. सूफी काव्यातला माशूक म्हणजे नेमकं कोण, यावर विद्वान भांडत राहतील. पण बाहेरून आलेलं खूळ म्हणून या विषयाला वेशीबाहेर काढायचं असेल, तर आधी सिराजचं काय करायचं ते ठरवावं लागेल.

आता सरकारी कारभाराकडे येऊ. एड्सच्या भीतीतून केंद्राने २००५ च्या सुमारास किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम आखला. शिक्षकांसाठी तक्ते, चित्रं, पुस्तिका तयार झाल्या. २००७ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळात त्यावरून गदारोळ झाला आणि राज्याने तो कार्यक्रम थांबवला. मध्य प्रदेश, गुजरात, कर्नाटक अशी आणखी राज्यंही त्या रांगेत होती. एक गोष्ट नीट लक्षात घ्या, ज्या पुस्तिकांवरून हे घडलं त्यांचा रोख शरीररचना आणि एड्सवर होता. समलैंगिकता हा त्या भांडणाचा विषयच नव्हता. म्हणजे विषय दारापर्यंतही पोचला नव्हता, तोवर वाडाच बंद झाला. पुढे २००९ मध्ये व्यंकय्या नायडूंच्या अध्यक्षतेखालच्या राज्यसभेच्या याचिका समितीने शाळांत लैंगिक शिक्षण नको, चारित्र्यशिक्षण द्या, असा अहवाल दिला. त्याच वर्षी २ जुलैला दिल्ली उच्च न्यायालयाने नाझ फाउंडेशनच्या याचिकेवर निकाल देऊन समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ ला खिंडार पाडलं. राज्यसभा एका दिशेला, कोर्ट दुसऱ्या.

कोर्टाची चालही सरळ नव्हती. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीचा निकाल फिरवला. एप्रिल २०१४ मध्ये तृतीयपंथीयांना स्वतंत्र ओळख दिली. ६ सप्टेंबर २०१८ ला नवतेजसिंग जोहर खटल्यात पाच न्यायमूर्तींनी एकमताने प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ३७७ सारखं कलमच नाही. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये लग्नाचा हक्क मात्र नाकारला गेला. निकालांचा हा प्रवास आमच्या विद्यार्थ्यांनी मोबाइलवर पाहिला. नागरिकशास्त्राच्या तासाला घटनेची कलमं घोकून घेणारे आम्ही, त्याच घटनेच्या आधारे लागलेल्या इतक्या मोठ्या निकालाबद्दल गप्प राहिलो.

इथे एक गंमत आहे. तृतीयपंथी विद्यार्थ्याबद्दल शाळेला आता कायद्याने काहीतरी करावंच लागतं. २०१९ च्या कायद्यानुसार सरकारी आणि मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थांनी त्यांना भेदभाव न करता सामावून घ्यायचं आहे. नव्या शैक्षणिक धोरणातही त्यांचा उल्लेख आहे. समलिंगी मुलाचा किंवा मुलीचा उल्लेख शोधूनही सापडत नाही. तो आता गुन्हेगार नाही, एवढीच त्याची सरकारदरबारी ओळख. आणि आमच्या बहुतेक शिक्षकांना तृतीयपंथी आणि समलिंगी यांतला फरक सांगता येत नाही. मुलगा मुलासारखाच राहतो, वागतो, फक्त त्याला मुलगा आवडतो, हे ऐकल्यावर एका ज्येष्ठ सहकाऱ्याने मला अगदी प्रामाणिकपणे विचारलं होतं, "मग तो टाळ्या का वाजवत नाही?"

तृतीयपंथी मुलांबाबतही कागद किती टिकतो, ते २०२१ मध्ये दिसलं. एनसीईआरटीने अशा मुलांना शाळेत कसं सामावून घ्यावं यावर शिक्षकांसाठी पुस्तिका काढली. गणवेश, स्वच्छतागृह, चिडवणं रोखणं असे साधे विषय. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने हरकत घेतली आणि पुस्तिका संकेतस्थळावरून नाहीशी झाली. डॉक्टरांच्या अभ्यासक्रमाची कथा याहून वेगळी नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नव्या मार्गदर्शिकेत न्यायवैद्यकशास्त्राखाली समलिंगी संबंध पुन्हा 'अनैसर्गिक गुन्ह्यां'त जाऊन बसले. ओरड झाल्यावर काही दिवसांत मार्गदर्शिका मागे घेतली गेली. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली आहे. चौतीस वर्षांनंतरही घाटीत, म्हणजे आमच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात, शिकणाऱ्या एमबीबीएसच्या मुलाच्या हातात असा कागद पडू शकत होता, मग नववीच्या मास्तराला काय बोल लावायचा?

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात प्रजननाचा धडा आहे. मासिक पाळी, जुळी मुलं, वंध्यत्व, टेस्ट ट्यूब बेबी, सरोगसी, सगळं येतं. सरोगसी शिकवताना आता कुणी लाजत नाही. मूल कसं होतं हे सांगितलं जातं, पण माणसाला माणूस आवडतो म्हणजे काय होतं, हे धड्याच्या बाहेर राहतं. त्याला मुलामुलींचं आकर्षणही अपवाद नाही. त्यामुळे केवळ समलिंगींवर अन्याय झाला असं म्हणायला मी धजत नाही. आमचं पुस्तक प्रेमाच्याच वाटेला जात नाही.

पण पुस्तकात नाही म्हणून शाळेत नाही असं थोडंच आहे. मधल्या सुट्टीत व्हरांड्यात पाच मिनिटं उभं राहा. जरा नाजूक चालणारा, कबड्डीला न जाणारा, मुलींशी जास्त बोलणारा मुलगा दिसला, की 'बायल्या' ऐकू येतं, 'छक्का' ऐकू येतं, आमच्या शहराच्या दखनी बोलीत 'मीठा' ऐकू येतं. तमाशातल्या मावशीला आणि नाच्याला हसत आलेला समाज आपला. मुलांना हे हसू कुणी मुद्दाम शिकवलेलं नाही. हा अभ्यासक्रम पहिलीपासून चालू आहे, त्याला तपासणी नाही, पाठ्यपुस्तक मंडळ नाही, आणि त्याचे शिक्षक आठवीतली दांडगट पोरं आहेत. शिवी देणाऱ्याला आम्ही 'गप रे' म्हणतो. जातीवरून शिवी दिली असती तर आम्ही त्याला वर्गाबाहेर काढलं असतं, वडिलांना बोलावलं असतं. इथे नुसतं गप रे. त्यावरून वर्ग काय शिकायचं ते शिकतो.

ब्रिटनने हे मौन कायदा करून पाळून पाहिलं आहे. १९८८ मध्ये मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने स्थानिक संस्थांना समलैंगिकतेचा 'प्रसार' करायला बंदी घालणारं कलम २८ आणलं. शिक्षकांनी त्याचा अर्थ असा घेतला, की चिडवणाऱ्यालाही रोखू नये, न जाणो तोही प्रसार ठरायचा. स्कॉटलंडने ते २००० मध्ये, इंग्लंडने २००३ मध्ये रद्द केलं. त्या पंधरा वर्षांत तिथली समलिंगी माणसं काही संपली नाहीत.

पालकांचं म्हणणं धुडकावून लावणाऱ्यांत मी नाही. पालकसभेतल्या आयांशी बोललो तेव्हा लक्षात आलं, की त्यांची खरी भीती वेगळीच असते. एका आईने विचारलं, "सर, वसतिगृहात मोठी पोरं लहान पोरांना त्रास देतात, ते तुम्ही आता चांगलं आहे म्हणून शिकवणार का?" तिच्या मनात समलैंगिकता आणि बालकांवरचा अत्याचार एकच होते. ही गल्लत धड्यातूनच सुटू शकते. २०१२ चा पॉक्सो कायदा मुलगा आणि मुलगी दोघांनाही संरक्षण देतो, अठरा वर्षांखालच्या मुलावर कुणीही केलेला अत्याचार गुन्हा आहे, करणारा पुरुष असो की बाई. अत्याचार आणि आकर्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे ज्या मुलाला कळेल, तो अत्याचार झाला तर घरी येऊन सांगेल. आज तो सांगत नाही, कारण सांगितलं तर लोक त्यालाच 'तसला' म्हणतील.

शिक्षकाची अडचणही खरी आहे. पॉक्सोनुसार गुन्ह्याची माहिती मिळाली तर ती कळवणं बंधनकारक, न कळवणं गुन्हा. सोळा वर्षांच्या दोन मुलांनी मन मोकळं केलं, तर ऐकणाऱ्याने कुठवर ऐकायचं आणि कुठे थांबायचं? हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. त्यामुळे तो ऐकणंच टाळतो. मीही टाळलं.

दुसरी हरकत म्हणजे, शिकवलं की मुलं तशी होतील. लैंगिक शिक्षणाने मुलं लवकर संबंधांकडे वळत नाहीत, असं युनेस्कोच्या २०१८ च्या मार्गदर्शिकेने जगभरचे अभ्यास तपासून म्हटलं आहे. आकर्षणाची दिशा कशी ठरते याचं एकच एक कारण विज्ञानाला सापडलेलं नाही. पण धडा वाचून ती बदलते, असं मानायला आधार नाही. तसं असतं तर आयुष्यभर स्त्रीपुरुषांच्याच प्रेमाचे सिनेमे पाहिलेल्या त्या मुलाने चिठ्ठी कशाला लिहिली असती?

तिसरी हरकत धर्माची, आणि आमच्या शहरात ती हलक्याने घेण्यासारखी नाही. इथे मराठी, उर्दू, हिंदी, इंग्रजी माध्यमांच्या शाळा एकमेकींना खेटून आहेत. एकाच रिक्षातून चार धर्मांची मुलं जातात. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या एका प्राथमिक शाळेसमोर २०१९ मध्ये मुख्यतः मुस्लिम पालकांनी आठवडेच्या आठवडे निदर्शनं केली, कारण समलिंगी कुटुंबांची चित्रपुस्तकं लहान मुलांना दाखवली जात होती. अमेरिकेत मेरिलँडमधल्या माँटगोमेरी काउंटीचा असाच वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि जून २०२५ मध्ये धार्मिक कारणासाठी मुलाला अशा तासातून बाहेर ठेवू पाहणाऱ्या पालकांच्या बाजूने निकाल लागला. दोन्हीकडे ठिणगी पडली ती अगदी लहान मुलांच्या वर्गात, आणि आपल्याला विचारलंच नाही या रागातून. माझं मत सांगतो, बालवाडीत आणि पहिली-दुसरीत हा विषय नको. त्या वयाला 'कुणालाही चिडवायचं नाही' एवढं पुरतं. आपल्या पुरोगामी मित्रांना हे पटणार नाही, न पटो.

आठवीपासून मात्र टाळण्याला अर्थ नाही. स्वतंत्र विषय नको, परीक्षा तर मुळीच नको. 'समलैंगिकतेचे फायदे-तोटे लिहा' असा प्रश्न काढणारा पेपरसेटर आपल्याकडे निघेल, याची मला खात्री आहे. विज्ञानाच्या प्रजननाच्या धड्याला जोडून एक पान. बहुतेकांना भिन्नलिंगी व्यक्तीचं आकर्षण वाटतं, काहींना समलिंगी व्यक्तीचं, हा आजार नाही, त्यावर औषध नाही आणि ते 'बरं' करून देतो म्हणणारा डॉक्टर असो की बाबा, तो फसवतो आहे. असे उपचार करणं हे डॉक्टरसाठी व्यावसायिक गैरवर्तन आहे, हे वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. नागरिकशास्त्रात २०१८ च्या निकालाचे चार परिच्छेद. मराठीच्या पुस्तकात एखादा उतारा. तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' हे नाटक १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला रंगमंचावर आलं, सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' ही कादंबरी २००६ ची, म्हणजे मराठी साहित्याने हे कधीच हाताळलं आहे. आणि शाळेच्या नियमावलीत 'बायल्या', 'छक्का' या शिव्यांना जातिवाचक शिवीएवढंच गंभीर मानणारी एक ओळ. यातलं शेवटचं आधी करावं. त्याला पुस्तक मंडळ लागत नाही, शासन निर्णय लागत नाही.

पुस्तकाआधी शिक्षक तयार करावा लागेल, हे तर उघडच आहे. मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांच्यासमोर २०२१ मध्ये दोन तरुणींचं प्रकरण आलं, तेव्हा आपल्याला या विषयाची पुरेशी समज नाही असं त्यांनी भर कोर्टात मान्य केलं. निकाल देण्याआधी ते स्वतः मानसशास्त्रज्ञाकडे जाऊन बसले. मग शाळा, पोलीस, डॉक्टर या सगळ्यांना शिकवण्याचे आदेश दिले. उच्च न्यायालयाचा न्यायाधीश 'मला कळत नाही, शिकवा' म्हणतो, तर आमच्या प्रशिक्षणवर्गात हात वर करायला आम्हाला लाज का वाटावी? जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेच्या दरवर्षीच्या वर्गात दोन तास यासाठी निघू शकतात. घाटीच्या मनोविकार विभागातला डॉक्टर बोलवा, समलिंगी मुलाच्या आईवडिलांना बोलवा. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांच्या समपथिक ट्रस्टने मराठीत पुस्तकं आणि पुस्तिका काढल्या आहेत, भाषांतर करत बसायचीही गरज नाही.

हे सगळं पालकांना विचारून करायला हवं, आणि त्यासाठीची जागाही तयार आहे. शिक्षण हक्क कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळा सोडून प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती बसवली आहे, तिच्यातले पंचाहत्तर टक्के सदस्य पालक असतात. बहुतेक शाळांत या समितीच्या बैठकीत पोषण आहार, पंखे आणि कुंपणाची भिंत यांपलीकडे गाडी जात नाही. तुम्ही अशा समितीवर असाल, तर जूनच्या पहिल्या बैठकीत दोनच गोष्टी मागा. शाळेत चिडवण्यावर काय नियम आहे तो दाखवा, आणि प्रश्नपेटीत आलेल्या कुठल्या चिठ्ठ्यांना उत्तर दिलं नाही त्या दाखवा. मुख्याध्यापक म्हणतील, अशा चिठ्ठ्या येत नाहीत. त्यांना सांगा, सिडकोत आली होती. हा आजार नाही बाळ, आणि याला औषध लागत नाही, एवढं उत्तर द्यायला एका मास्तराला वेळ झाला नाही.